जर्मनचा हौदा

आमच्या घरात अ‍ॅल्युमिनियमला कुणी अ‍ॅल्युमिनियम म्हणत नसे. जर्मन म्हणत. जर्मनचा टोप, जर्मनचा डबा, जर्मनचं पातेलं. त्यामुळे खारदांड्याची मासळीवाली मावशी टेम्पोतून उतरून बाबांना म्हणाली, "फिटर, मना जर्मनचा हौदा करून दे," तेव्हा मला हसू येणार होतं. पण ती लंगडत होती, आणि पायाला घोट्यापासून वरपर्यंत मळकट पट्टी होती.

टेम्पो तिचा भाचा चालवायचा. तो पूर्वी बाबांच्याच खात्यात कामाला होता. परळच्या गिरणीत बाबा लूमखात्यात फिटर होते, एकतीस वर्षं. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. भाचा दांड्याला परत गेला आणि मावशीचं म्हावरं घेऊन घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात येऊ लागला. बाबांना जायला तसं कुठे नव्हतं. आम्ही मुलुंडला डोंगराच्या अंगाला बैठ्या घरांच्या वस्तीत राहायचो. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीपुढे एक गाडी उभी राहील एवढी मोकळी जागा. पडवीत बाबांचं बाकडं होतं, हत्यारं होती. शेजाऱ्यांचे स्टोव्ह, सायकली, खिडक्यांच्या जाळ्या, असलं काम ते करत. दोन वर्षं असंच चाललं होतं.

टेम्पोचा हौदा, म्हणजे माल ठेवायची मागची उघडी पेटी, लोखंडी होता. असं म्हणायचं. बर्फाचं पाणी आणि माशांचं खारं पाणी पिऊन त्याच्या तळाची चाळण झाली होती. मावशी टोपल्या उतरवायला वर चढली आणि तिचा पाय तळातून आरपार खाली गेला. गंजक्या पत्र्यानं पोटरी फाडली.

"टाके घातले, सुया टोचल्या," ती सांगत होती. "डाक्टर बोलला, बाय, नशीब तुझा. मी म्हटलं नशीब कसला, लोखंड कुजलाय. माझ्या घरात जर्मनचा टोप हाय, सासूच्या टायमाचा. त्याला काय झालं नाय. मग हौदा का नाय करत जर्मनचा?"

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ऐकू येत नसे. लूमखात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं की कान जातात. पण त्याच खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. बाबांशी बोलायचं तर समोर उभं राहायचं आणि सावकाश बोलायचं, एवढंच. ओरडून उपयोग नसे.

"मी जर्मनचां काम कधी करूक नाय," बाबा म्हणाले.

"मग आता कर," मावशी म्हणाली. "पत्रे मी आनते. लोखंडवाल्याकडं मी परत जाणार नाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी पडवीच्या पायरीवर बसले होते. त्या दिवसांत मी बहुतेक वेळ तिथेच बसलेली असायची.

माझं सासर बोरिवलीला. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आदल्या पावसाळ्याच्या शेवटी मला सातव्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागलं आणि मूल मेलेलंच जन्माला आलं. मला ताप होता, शुद्ध धड नव्हती. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सासू म्हणाली, थोडे दिवस माहेरी जा, विश्रांती घे. थोड्या दिवसांचे पाच महिने झाले. कुणी न्यायला आलं नाही, पत्र नाही, निरोप नाही. आई रोज संध्याकाळी गल्लीच्या तोंडाकडे बघायची आणि मला म्हणायची, "येतील गं. माणसांना कामं असतात." घरात त्या बाळाचा विषय कुणी काढत नसे. मीही नाही.

मावशीनं खरंच आठवड्याभरात पत्रे आणले. दोन्ही बाजूंना कागद लावलेले, लखलखीत. तळासाठी जाड, खरखरीत नक्षीचा पत्रा, पाय घसरू नये म्हणून. बाजूंसाठी सपाट. शिवाय लांब लांब अँगल. वस्तीतली माणसं येऊन हात लावून बघून गेली. एवढं मोठं आणि एवढं हलकं, बाबा एकटे पत्र्याचं टोक उचलून धरत आणि मान हलवत.

जुना हौदा उतरवायला दोन दिवस लागले. मग बाबांनी अंगणात खडूनं नव्या हौद्याचा आराखडा काढला, खराखुरा, हौदा जेवढा होणार तेवढाच. आई त्या रेघांवरून पाय उचलून उचलून पाण्याला जायची. मापांचे हिशेब मी करत होते. मी अकरावी मॅट्रिक, गणितात बरी होते. पत्रा वाकवला की कोपऱ्यात किती खातो, मग कापताना किती जास्त धरायचा, हे बाबा बोटांनी दाखवायचे आणि मी कॅलेंडरच्या पाठी मांडायची. त्या निमित्तानं मी पायरीवरून उठले.

पहिली बाजू वाकवायचा दिवस उजाडला. पत्रा वाकवायचं मशीन आमच्याकडे कुठलं? बाबांनी पत्र्याची कड दोन जाड अँगलांमध्ये दाबून धरली, बोल्ट आवळले, आणि लाकडी हातोड्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू मारत नेलं. लोखंडाचा पत्रा त्यांनी असा हजार वेळा वाकवला असेल. कड वळत गेली, झकास वळली, काटकोनाला येता येता मला बारीकसा आवाज आला. कागद फाटावा तसा. बाबांना तो ऐकू आला नाही. ते मारतच राहिले. मी धावत समोर गेले आणि हात वर केले, तोवर कोपऱ्यावर वीतभर चीर गेली होती.

बाबांनी चिरेवरून अंगठा फिरवला. हातोडा बाकड्यावर ठेवला.

"लोखंड असतां तर माझां ऐकलां असतां," ते म्हणाले. "ह्यां माका वळखीत नाय."

ते घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. गिरणीचा दरवाजा बंद झाला तेव्हासुद्धा मी त्यांना असं पडलेलं बघितलं नव्हतं. तेव्हा ते म्हणाले होते, हात आहेत अजून. आता हातांनीच दगा दिला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आईला न सांगता मागच्या गल्लीत गेले. तिथे एक काका राहत. मूळ सातारकडचे, बौद्ध. ते बसच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात होते आणि बसची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असते एवढं मला माहीत होतं. त्यांची सुट्टी होती, दारात दाढी करत बसले होते. माझी त्यांच्याशी ओळख म्हणजे नळावरची. मी चीर पडल्याचं सांगितलं.

"तापवला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चिरणारच. ह्यो पत्रा कडक येतोय. आधी नरम करायला लागतोय." दाढीचा साबण त्यांनी माझ्यासमोर धरला. "ह्यो बघ. कपडं धुयाचा साबण असतोय तुमच्याकडं? जिथं वाकवायचाय तिथं साबणाची रेघ घास. खालनं बत्तीनं तापीव. साबण पहिल्यांदा पिवळा हुतोय, मग तपकिरी, मग काळा. काळा झाला की बत्ती बाजूला. त्याच्या फुडं एक घटका न्हाई."

"लाल होईपर्यंत नाही?"

"आगं लाल कुठला. ह्यो लाल होत न्हाई. लोखंड सांगतंय, मी तापलो म्हणून. ह्यो सांगत न्हाई, डायरेक गळून पडतोय."

अर्ध्या चेहऱ्यावरचा साबण तसाच ठेवून ते माझ्याबरोबर आले. बाबांच्या उशाशी बसले आणि त्यांचा खांदा हलवून, समोर तोंड आणून, सगळं पुन्हा सांगितलं. बाबा बघत राहिले. मग उठून बसले आणि मला म्हणाले, "साबण हाड." मी साबण आणायला धावले.

चिरलेल्या पत्र्यावरच पहिला प्रयोग केला. आईचा कपड्यांचा साबण, पंप मारून ज्योत सोडणारी बाबांची रॉकेलची बत्ती. रेघ पिवळी झाली, तपकिरी झाली, काळी झाली. मी हात वर केला. पत्रा निवल्यावर बाबांनी हातोडा मारला आणि कड पुरणपोळीसारखी दुमडली. बाबा हसले नाहीत. पण काकांना त्यांनी हातानंच थांबवलं, आत जाऊन चहा सांगितला. चिरलेला पत्रा वाया गेला नाही, त्याचे आतले कोपरे आणि बिजागऱ्यांमागचे तुकडे झाले.

काका आणखी एक गोष्ट सांगून गेले. खाली गाडीची चौकट लोखंडाची, वर हौदा अ‍ॅल्युमिनियमचा. दोन्ही एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी गेलं की लोखंड राहील पण जर्मन सडेल. मध्ये रबर पाहिजे. भाच्यानं जुने टायर आणले आणि मी चाकूनं त्यांच्या पट्ट्या कापल्या. माझ्या हातांना फोड आले. कितीतरी दिवसांनी मला त्या दिवशी भूक लागली.

मग रिव्हेटचं काम. वेल्डिंग हे आमचं काम नव्हतं, त्याला वेगळा गॅस, वेगळं मशीन. सगळा हौदा रिव्हेटनं, ठोकून टोक चपटं करायच्या खिळ्यांनी, जोडायचा होता. बाबा रिबिट म्हणत. भोक पाडताना ड्रिलच्या टोकावर रॉकेलचा थेंब सोडायचा, नाहीतर जर्मन टोकाला चिकटून बसतं. भोकात रिव्हेट घालायचा, एका बाजूनं एकानं मारायचं आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यानं मुठीएवढा लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. त्याला डॉली म्हणतात. डॉली सैल धरली की रिव्हेट वाकडा बसतो. हे एकट्याचं काम नव्हे.

"डॉली धरशीत?" बाबांनी मला विचारलं.

आई आतून बाहेर आली. "अहो, ती काय करणार? उद्या तिकडची माणसं न्यायला आली नि तिचे हात असे बघितले तर काय म्हणतील?"

बाबांना आईचे ओठ दिसत होते. तरी त्यांनी काही न दिसल्यासारखं केलं आणि डॉली माझ्या हातात दिली.

आम्ही एक खूण ठरवली. मी डॉली नीट धरली की पत्र्यावर एकदा टकटक करायचं. बाबा डावा तळवा पत्र्यावर टेकवून असत. आवाज नाही, पण ठोका त्यांना हातात कळायचा. मग ते मारायचे. चार-पाच घाव, शेवटचा हलका. रिव्हेट चुकला तर दोनदा ठोकायचं, की ते काढून नवा घालत. सकाळी आईचं पाणी भरून झालं की आम्ही सुरू करत असू आणि ऊन वर आलं की थांबत असू, कारण पत्रा तापून हात लावू देत नसे. थंडीचे शेवटचे दिवस होते. बाजू झाल्या. मग तळ.

तळ चौकटीवर चढवला आणि माझी जागा खाली आली. गाडीखाली गोणपाट टाकून मी उताणी पडायची, वरून बाबा गुडघे टेकून मारायचे. भोकांतून उजेडाचे बारीक ठिपके माझ्या अंगावर पडत. वर हातोडा बसला की सगळा तळ घुमायचा, माझ्या छातीत, दातांत. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

तिथेच एकदा मला रडू आलं. का आलं, कशावरून आलं, सांगता येणार नाही. पाच महिन्यांत मी रडले नव्हते. रडले तर आई घाबरेल, शेजारणी येतील, म्हणून नाही. रडू येतच नव्हतं. तिथे गाडीखाली, कुणी बघत नव्हतं, कुणी ऐकत नव्हतं, आणि वर बसलेल्या माणसाला तर ऐकूच येत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कानांत गेलं. मी डॉली धरली होती पण टकटक केली नाही.

वर बाबा थांबले. मग त्यांनी वरून एकदा हलकंच ठोकलं. मी उत्तर दिलं नाही. मग त्यांचे पाय खाली उतरलेले दिसले, आणि मग ते वाकले, आणि मग सत्तावन्न वर्षांचा तो माणूस हातावर, गुडघ्यावर सरकत गाडीखाली आला आणि माझ्या शेजारी उताणा पडला. माझं तोंड दिसावं म्हणून त्यांनी मान वळवली.

"चेडू होतां," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही, कुठली मुलगी ते.

"तुका कोणी सांगूक नाय. तुझ्या आयशीन सांगू नको म्हणून सांगितलेलां, दुःख वाढतां म्हणान. माका फोन इलो दुकानार. मी गेलंय तर तुझो नवरो ड्युटीर. दवाखान्यातल्या बायन कापडात गुंडाळून माझ्याकडे दिलां. मी एकटोच गेलंय तिका घेवन. मी तोंड बघितलंय तिचां. केस होते, दाट. कपाळ तुझां."

"कुठे ठेवलं तिला?" मी विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"स्मशानात मागल्या अंगाक पोरांची जागा आसा. बरी जागा आसा. झाडां आसत." मग म्हणाले, "माझो शर्ट काढून आत घातलंय. कापड पातळ होतां."

आम्ही तिथे किती वेळ पडलो होतो कोण जाणे. आईनं जेवायला हाक मारली ती मला ऐकू आली, बाबांना नाही. मी त्यांना सांगितलं. आम्ही बाहेर आलो. त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं. त्यावर आम्ही बोललो नाही, पण आता ती गोष्ट दोघांत होती. मुलगी होती, तिला केस होते, तिला माझं कपाळ होतं. आधी जे नुसतं पोटातलं भोक होतं त्याला आता चेहरा आला. त्यानं दुःख वाढतं असं आईचं म्हणणं होतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. निदान कुणासाठी रडायचं ते कळलं.

हौदा जवळजवळ झाला होता, मागचा फाळका, उघडझाप करायचं दार, तेवढा लावायचा होता, त्या रविवारी माझा नवरा आणि त्याचा मामा आले. आईची धांदल उडाली. तिनं पोहे केले, मला साडी बदलायला लावली. नवरा आल्यापासून माझ्याकडे न बघता पडवीतल्या हत्यारांकडे बघत होता. मामा म्हणाला, "झालं गेलं विसरायचं. आज चांगला दिवस आहे, घेऊन जातो." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझी पिशवी भरायला आत गेली, आणि ते दोघं पान खायला गल्लीच्या तोंडाशी गेले.

बाबा हौद्यात उभे राहून फाळक्याच्या बिजागऱ्या बसवत होते. तिथून गल्लीचं तोंड दिसायचं. थोड्या वेळानं ते खाली उतरले आणि आत आले. आईकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले.

"तो मामाक काय म्हणालो तां सांगू?"

"काय?"

"म्हणता, आईचे गुडघे गेले, घरात कोण तरी व्हयां. वरसात पोर झालां तर झालां, नाय तर मगे बघू."

"तुम्हाला एवढ्या लांबून दिसलं?"

"दिसलां तां सांगितलंय. जावचां की नाय तां तू ठरय."

पुढे कितीतरी वर्षं मी याचा विचार केला आहे. गल्लीचं तोंड बरंच लांब होतं. नवऱ्याला मिशी होती, आणि तोंडात पान. बाबांना खरंच ते ओठ वाचता आले, की त्यांनी मनानंच ते वाक्य रचलं? एकदा मी विचारलंही. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. बहिऱ्या माणसाला एखादा प्रश्न नको असेल तर त्याला तेवढंच करावं लागतं.

पण मी ठरवलं ते बाबांच्या त्या वाक्यावरून नाही. ते दोघं परत आले तेव्हा मी पडवीत उभी होते. नवऱ्याला मी विचारलं, "आपल्याला काय झालं होतं?"

"म्हणजे?"

"मुलगा झाला होता की मुलगी?"

त्यानं मामाकडे बघितलं. मामानं पायाकडे. नवरा म्हणाला, "आता ते कशाला?"

"माहीत आहे का तुला?"

तो पुन्हा हत्यारांकडे बघायला लागला. मी त्याच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलले होते, ते माझ्याही मागाहून लक्षात आलं. आई दारात पिशवी घेऊन उभी होती.

"मी येत नाही," मी म्हणाले.

"आज नको असेल तर पुढच्या रविवारी येऊ," मामा समजुतीनं म्हणाला. तो तसा वाईट माणूस नव्हता. "पोरी, नीट विचार कर. दार एकदा बंद झालं की..."

"पुढच्या रविवारीही नाही."

ते गेले. आईनं पिशवी तिथेच ठेवली आणि ती आत जाऊन मोरीत बसून भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी. बाबा पुन्हा हौद्यात चढले. मला काय करावं कळेना. शेवटी मी साडी खोचली आणि डॉली घेऊन फाळक्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

तीन दिवसांनी मावशी आली. आता ती लंगडत नव्हती. हौद्यात चढायच्या आधी तिनं चप्पल काढली. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, कोपऱ्यांत पाय दाबून बघितला, एका जागी उभी राहून उडी मारली. मग तिनं भाच्याला कळशी आणायला सांगितली आणि सगळं पाणी तळावर ओतलं. बाबांनी तळाला मागच्या डाव्या कोपऱ्याकडे बेताचा उतार दिला होता आणि तिथे पाण्याला वाट ठेवून नळी लावली होती. पाणी सगळं तिकडे गेलं. कुठे तळं साचलं नाही.

"कोनी केला ह्यो?" ती बाबांना म्हणाली.

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दोघांनी."

मावशीनं माझे हात हातात घेतले आणि उलटसुलट करून बघितले. तिचे स्वतःचे हात सुरीच्या वणांनी भरलेले होते. आम्हाला दोघांना टेम्पोत बसवून ती दांड्याला घेऊन गेली. तिथे समुद्राकडे तोंड करून टेम्पो उभा केला, नारळ फोडला, आणि पहिली टोपली स्वतः आत ठेवली. तिच्या घरी आम्ही बोंबील-भाकरी खाल्ली. बाबा त्या दिवशी खूप बोलले, गिरणीतलं, मागांचं, भाच्याबरोबर. आजूबाजूच्या बायका त्यांच्या मोठ्या आवाजाला हसत होत्या, पण चांगल्या मनानं.

आई माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. माझ्या ताटात वाढायची, अंथरूण घालायची, पण नजर देत नसे. तिची चूक नव्हती. तिनं जे बघितलं होतं त्यात परत आलेल्या मुलीचं काही बरं झालेलं नव्हतं. मी तोवर मुलुंडच्याच एका कारखान्यात लागले होते. काकांच्या ओळखीनं. विजेच्या पॅनेलच्या पेट्या करायचे, पत्र्याच्या. सहा बायका स्क्रू लावायला होत्या. मला विचारलं, काय येतं? मी म्हटलं, रिव्हेट. फोरमन हसला आणि त्यानं माझ्यासमोर एक तुकडा टाकला. दुसऱ्या दिवसापासून मला रिव्हेटच्या टेबलावर बसवलं. तिथे मी पुढे बावीस वर्षं काम केलं.

बाबा त्यानंतर सहा वर्षं होते. जर्मनची त्यांनी आणखी बरीच कामं केली, दांड्याहून माणसं यायची. हौदा असा पुन्हा केला नाही, पण बर्फाच्या पेट्या, माशांची ताटं, एकदा एका होडीची पाण्याची टाकी. रविवारी मी डॉली धरायची. एका पावसाळ्यात न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. त्याच्या आधी एकदा ते मला बोरिवलीला घेऊन गेले होते, झाडांखालची ती जागा दाखवायला. तिथे दगड नव्हता, खूण नव्हती. बाबांनी बोटानं दाखवलं, आणि आम्ही दोघं काही वेळ तिथे उभे राहिलो.

आईचं सांगायचं राहिलं. कारखान्यात लागून मला दोनेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी मी घरी आले तर ती पडवीत बसली होती, पायावर पाय चोळत. सकाळपासून रेशनिंग ऑफिसला गेली होती, एकटी. लग्नाच्या वेळी माझं नाव आमच्या कार्डावरून काढलं होतं. ते परत घालून आणलं होतं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून रांगेतल्या कुणाकडून तरी अर्ज भरून घेतला.

"त्या माणसानं कारण विचारलं," ती म्हणाली. "फॉर्मात कारण लिहावं लागतं म्हणे."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, आमच्याकडे राहते म्हणून लिहा." तिनं कार्ड माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला आत गेली.